मुंबई एकदा, मोजमाप दर तीन महिन्यांनी

महाराज बाडा,
लष्कर, ग्वाल्हेर

ती. दादास,


आईला घेऊन मुंबईत बिऱ्हाड करावं, टाटा रुग्णालयाशिवाय दुसरीकडे पाहूच नये, हा तुझा आग्रह मी मनापासून विचारात घेतला. त्यामागची माया कळते, पण त्याच्या मुळाशी असलेलं गृहीतक मला पटत नाही. जिथे एखादी अवघड शस्त्रक्रिया सगळं ठरवते, तिथे सर्वांत मोठं रुग्णालय गाठावंच. आईचा क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया त्या जातीचा नाही. तो वर्षानुवर्षं सोबत राहणार आहे. रोजची गोळी चुकते का आणि ठरलेली तपासणी वेळेवर व बिनचूक होते का, या दोन गोष्टींवर त्यातलं बरंचसं अवलंबून आहे, आणि या दोन्ही गोष्टी बाड्यावर राहूनही होण्यासारख्या आहेत.

या आजारात ९ आणि २२ क्रमांकांच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होतात, हे जॅनेट राउली यांनी १९७३ मध्ये दाखवलं. त्या अदलाबदलीतून बीसीआर-एबीएल हे जनुक तयार होतं आणि त्याच्यापासून बनणारं प्रथिन पांढऱ्या पेशींना वाढतच ठेवतं. इमॅटिनिब नेमकं त्या प्रथिनाला अडवतं. २००१ मध्ये हे औषध येण्यापूर्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण न होऊ शकलेले बहुतेक रुग्ण काही वर्षांतच दगावत. त्यानंतर ‘आयरिस’ या मोठ्या चाचणीत इमॅटिनिबवर सुरुवात केलेल्यांपैकी सुमारे ८३ टक्के रुग्ण दहा वर्षांनंतरही हयात असल्याचं दिसलं. एवढा फरक घडवला तो घरी जेवणानंतर भरपूर पाण्याबरोबर घ्यायच्या गोळीने. म्हणूनच ती चुकली तर काय होतं, हे महत्त्वाचं ठरतं. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात ८७ रुग्णांच्या औषधाच्या बाटल्यांच्या झाकणात इलेक्ट्रॉनिक नोंदयंत्र बसवून तीन महिने पाहिलं गेलं. निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. नव्वद टक्क्यांहून अधिक गोळ्या घेणाऱ्यांत सहा वर्षांत बीसीआर-एबीएलचं प्रमाण अपेक्षेइतकं उतरण्याची शक्यता ९४ टक्क्यांच्या वर होती, त्याहून कमी घेणाऱ्यांत अवघी २८. महिन्याला तीनचार गोळ्या राहिल्या की माणूस दुसऱ्या गटात जातो. आता परक्या शहरातली भाड्याची खोली, तुटलेली दिनचर्या, दर फेरीचा शीण आणि खर्च यांचा हिशेब कर. आईची गोळी कुठे चुकण्याची शक्यता जास्त?

तू लिहितोस, इथे मिळतं ते स्वस्तातलं जेनेरिक. ते स्वस्त का आहे, तेही पाहा. मूळ ग्लिव्हेक महिन्याला सव्वा लाखाच्या घरात होतं, तर जेनेरिक आठदहा हजारांत. नोव्हार्टिसच्या पेटंटला मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने विरोध केला, आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. आफताब आलम व न्या. रंजना देसाई यांच्या खंडपीठाने पेटंट कायद्याच्या कलम ३(ड)च्या आधारे कंपनीचा दावा फेटाळला. किंमत उतरली ती स्पर्धेमुळे, औषधात काही कमी केल्यामुळे नव्हे. तरीही एखाद्या उत्पादकाबद्दल शंका घेणं गैर नाही, आणि या आजारात ती तपासून पाहता येते. कितीतरी आजारांत औषध लागू पडतंय का हे नुसतं अंदाजाने ठरवावं लागतं. इथे बीसीआर-एबीएलचं प्रमाण पीसीआर तपासणीने आंतरराष्ट्रीय मापपट्टीवर मोजलं जातं: तीन महिन्यांनी १० टक्क्यांच्या आत, सहा महिन्यांनी १ च्या आत, वर्षाने ०.१ च्या आत. आकडा उतरत असेल तर गोळी काम करते आहे, वेष्टनावर नाव कोणाचंही असो. मात्र प्रयोगशाळा त्याच मापपट्टीवर अहवाल देणारी हवी आणि शक्यतो एकच हवी. नमुना ग्वाल्हेरहून मोठ्या शहरात जाऊ शकतो, त्यासाठी आईने जायची गरज नाही.

तुझा खरा आक्षेप मला यापुढचा वाटतो: आकडा उतरला नाही तर? तिथे तू बरोबर आहेस, अगदी पूर्ण बरोबर. बीसीआर-एबीएल जनुकात टी३१५आय हा बदल झाला, तर इमॅटिनिबच नव्हे, डासाटिनिब आणि निलोटिनिब ही पुढची औषधंही निकामी ठरतात. मग पोनाटिनिब किंवा असिमिनिबसारखा पर्याय आणि तो वापरण्याचा अनुभव लागतो. असा अनुभव मोठ्या केंद्रातच मिळेल, आणि तेव्हा मी एक दिवसही घालवणार नाही. आजाराची पायरी आणि सुरुवातीचं औषध एकदा तिथल्या तज्ज्ञांकडून तपासून घ्यावं, हेही मान्य. पण वळणावर सल्ला घेणं वेगळं आणि सगळी वाट तिथे जाऊन चालणं वेगळं. रोजची देखरेख इथे होईल. मांढऱ्याच्या मातेच्या टेकडीवर कॅन्सर रुग्णालय आहे, जयारोग्य आहे. अंगावर सूज, पायांत गोळे, रक्तपेशी घटणं हे इमॅटिनिबचे त्रास ओळखून मात्रा सांभाळणारा डॉक्टर हाकेच्या अंतरावर असावा, हे मुंबईतल्या नावाइतकंच मोलाचं आहे. गोळी पुढे थांबवता येईल का, हा प्रश्न आज नको. काही वर्षं खोल प्रतिसाद टिकला तर तो विचार होतो, आणि तरीही थांबवलेल्यांपैकी निम्म्यांच्या आसपास लोकांना ती पुन्हा सुरू करावी लागते.

तेव्हा पंजाब मेलने एकदा येतो, आईला दाखवतो आणि पुढची दिशा लिहून घेऊन परततो. तिथे निदानाच्या वेळचा अस्थिमज्जेचा आणि गुणसूत्रांचा मूळ अहवाल विचारतील. तुझ्याकडे पाठवलेल्या प्रतींत तो आहे का, ते पाहून कळव. आणि भेटीची वेळ पुढच्या पीसीआरचा निकाल आल्यानंतरची घे.

तुझा धाकटा