फाईल होती, जागा चुकली होती

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. कारण घरगुतीच आहे.

हिने निवृत्तीनंतर आपल्या माहेरच्या, रत्नागिरीकडच्या बोलीतले शब्द जमवले होते. आगोट, पाणंद, मांगर असे कितीतरी. भाच्याने त्यासाठी व्हिज्युअल बेसिक 6 मध्ये छोटासा प्रोग्रॅम करून दिला होता. शब्द, अर्थ आणि कुणाच्या तोंडून ऐकला, असे तीन रकाने. तिला जाऊन चार वर्षं झाली. जुना लॅपटॉप मधेच बंद पडू लागला, म्हणून सगळं विंडोज 11 च्या नव्या संगणकावर आणलं. उघडायला गेलो तर चौकट आली: अमुक ओसीएक्स फाईलची नोंद नाही, फाईल हरवली आहे किंवा सदोष आहे. पोटात गोळाच आला.

भाचा फोनवर म्हणाला, "मामा, जुन्या लॅपटॉपच्या सिस्टम32 मधली ती फाईल नव्याच्या सिस्टम32 मध्ये टाका." टाकली. तीच चौकट. पुन्हा टाकली. पुन्हा तीच!

रात्री त्याच्या लक्षात आलं. जुना लॅपटॉप 32 बिटचा विंडोज 7, आणि विंडोज 11 फक्त 64 बिटचीच असते. गंमत अशी, की तिथे सिस्टम32 मध्ये 64 बिटच्या फाईली राहतात आणि 32 बिटच्या सिसवॉव64 मध्ये. जुना प्रोग्रॅम सिस्टम32 मागतो, विंडोज त्याला गुपचूप दुसरीकडे पाठवते. म्हणजे आमची फाईल होती, पण तो शोधत होता तिथे नव्हती. फाईल हलवली, ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून तिची नोंद केली, आणि यादी उघडली.

मला एकदम सातवीतला एक मुलगा आठवला. एका उत्तराला मी शून्य देऊन 'लिहिलेले नाही' असा शेरा मारला होता. तो म्हणाला, "लिहिलंय सर." मी त्यालाच रागावलो. घरी ही म्हणाली, "अहो, नीट शोधलंत का?" उत्तर होतं, पुढच्या प्रश्नाच्या क्रमांकाखाली. गुण वाढवून दिले, पण चूक माझी होती हे त्याला सांगायचं राहूनच गेलं.

असो. भाच्याने आता यादी साध्या टेक्स्ट फाईलमध्येही काढून ठेवली आहे. काल ती वाचत बसलो होतो. तिसऱ्या रकान्यात बहुतेक ठिकाणी एकच शब्द आहे: आई.