श्रीरागाच्या गांवीं

पत्राच्या माथ्यावर ‘श्री’ काढल्याखेरीज आपल्याकडे लेखणी पुढें सरकत नाहीं. संगीतांतहि श्री हें नांव तितक्याच वडीलकीचें आहे. उत्तरेच्या पद्धतींत श्रीराग हा दिवेलागणीचा. कोमल ऋषभ, तीव्र मध्यम व कोमल धैवत यांच्या योगानें त्याला असें गांभीर्य येतें कीं, ऐकणारा आपोआप सांवरून बसतो. दक्षिणेंतहि श्री नांवाचा राग आहे. तोहि पुरातन आहे आणि तोहि मंगल मानितात. परंतु नांवाच्या ओळखीवर विसंबून जो त्याच्या भेटीस जाईल, त्याला तेथें आपला श्रीराग मुळींच आढळणार नाहीं. ही गोष्ट पुस्तकांत वाचून कळते. पण ती खरी पटते कावेरीच्या कांठीं, तिरुवैयारु गांवीं, मांडी घालून ऐकल्यावरच.

तंजावरहून हें गांव उत्तरेस बारा-तेरा किलोमीटरांवर आहे. वाटेंत वडवार, वेण्णार, वेट्टार, कुडमुरुट्टि आणि शेवटीं कावेरी अशीं पांच पात्रें ओलांडावीं लागतात. ‘ऐयारु’ म्हणजे पांच नद्या. आणि ‘तिरु’ हा तर तमिळ भाषेंतील आपला ‘श्री’च! तेव्हां गांवाच्या नांवांतच श्री आहे. आम्ही गेलों ते पौषांत. दोहों बाजूंस भाताचीं शेतें पिवळीं पडूं लागलेलीं, मधून मधून केळीचे मळे, आणि गाडींत अंगावर शाली घेतलेलीं वृद्ध माणसें हलक्या हातानें गुडघ्यावर ताल धरून बसलेलीं. सारीं एकाच ठिकाणीं निघालीं होतीं. पौष वद्य पंचमी ही त्यागराजांची पुण्यतिथि. इ. स. १७६७ मध्यें तिरुवारूर येथें जन्मलेले हे संतगायक आयुष्य या गांवांत घालवून १८४७ सालीं येथेंच समाधिस्थ झाले.

मराठी वाचकाला हा मुलूख अगदींच परका नाहीं. १६७६ पासून १८५५ पर्यंत तंजावरास भोसल्यांची गादी होती. तुळजाजीराजांनीं ‘संगीतसारामृत’ हा संस्कृत ग्रंथ रचला. आपल्या कीर्तनांतील साकी, दिंडी, ओवी आणि अभंग हे प्रकार तिकडील हरिकथेंत जाऊन बसले. त्यागराजांची हयात गेली ती दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळांत. मुलूख तमिळ, पदांची भाषा तेलुगु आणि राजा मराठी, असा तो संगम होता. सरफोजींनीं बोलाविलें असतां त्यागराज दरबारीं गेले नाहींत व देणगीहि त्यांनीं घेतली नाहीं, असें परंपरा सांगते. पुढें १९०४ सालीं पंडित भातखंडे दक्षिणेच्या यात्रेस गेले, तेव्हां एट्टयपुरम् येथें सुब्बराम दीक्षितांची भेट घेऊन त्यांनीं तिकडील मेलपद्धति समजून घेतली. आज आपल्या घरोघरीं मुलें दहा थाट पाठ करतात, त्यांच्या मुळाशीं या यात्रेचे कष्ट आहेत.

समाधीच्या आवारांतील मंडपांत सकाळींच गर्दी झाली. गायक-वादक ओळींनीं बसले. त्यांत पुरुष होते तशाच स्त्रियाहि होत्या. नाट, गौळ, आरभी, वराळी आणि श्री या पांच घनरागांतील त्यागराजांच्या पांच रचनांना ‘पंचरत्न’ म्हणतात. त्या सर्वांनीं मिळून एका आवाजांत गावयाच्या असतात. पहिलीं चार रत्नें झालीं आणि पांचव्याचा आरंभ झाला. सा, रे, म, प, नि, सा असा सरळ चढता क्रम. ऋषभ शुद्ध, निषाद कोमल. आमच्या कानांनीं चटकन् ‘हा तर मध्यमाद सारंग!’ असा निवाडा दिला. पण खालीं उतरतांना मध्यमावरून ऋषभावर येऊन स्वर क्षणभर कोमल गांधाराला शिवला, पुन्हा ऋषभावर आला आणि षड्जावर टेकला. त्या एका स्पर्शानें सारंगाचें ऊन मावळलें, आणि त्या जागीं देवघरांतल्या समईसारखा शांत प्रकाश पसरला. आपल्या श्रीरागांत सायंकाळची व्याकुळता आहे. या श्रीरागांत भरल्या घरची तृप्ति आहे.

रचनेची मांडणीहि पाहण्याजोगी आहे. प्रत्येक चरण आधीं नुसत्या सरगमानें गातात आणि मग त्याच स्वरांवर शब्द ठेवितात. आदितालाच्या आठ मात्रा हजारों हात एकदमच मोजीत असतात. या कृतीचें नांव ‘एंदरो महानुभावुलु’. महात्मे किती म्हणून आहेत, त्या सर्वांना वंदन, हा तिचा भावार्थ. ऋषि, भक्त, देव आणि भाव-राग-लयीचें सुख जाणणारे रसिक यांना कवि तींत हात जोडतो. केरळांतून आलेल्या गोविंद मारार या गवयाचें गाणें ऐकून त्यागराजांनीं ही रचना केली, अशी आख्यायिका आहे. परक्या मुलुखांतल्या पाहुण्याच्या सन्मानार्थ हें वंदन निघालें, असें लोकांना मानावेंसें वाटलें, हेंच बोलकें आहे.

परंतु ‘सर्वांना’ या शब्दांत कोण कोण येतें, याचा निकाल या गांवांत फार उशिरां लागला. ज्या समाधिमंदिरापुढें आम्ही बसलों होतों, तें बेंगळूर नागरत्नम्मा यांनीं बांधविलें. देवदासी कुळांत १८७८ सालीं जन्मलेल्या या विदुषी गायिकेनें, समाधि पडक्या स्थितींत आहे असें कळतांच, गाण्यावर मिळविलेला पैसा ओतून जागा घेतली. १९२१ मध्यें पायाभरणी झाली व १९२५ मध्यें मंदिर उभें राहिलें. आणि तरीहि उत्सवांत स्त्रीनें गावयाचें नाहीं, हा निर्बंध तसाच राहिला! पुरुष गवयांत दोन पक्ष होते. आपसांत त्यांचें पटत नसे, पण या एका बाबतींत त्यांचें एकमत होतें. नागरत्नम्मांनीं भांडून मंदिराला कुलूप घातलें नाहीं. १९२७ पासून त्यांनीं स्त्रियांचा वेगळा समुदाय जमविला आणि समाधीच्या मागील बाजूस आपलें गाणें सुरू केलें. पुढें पुरुष गात, मागें स्त्रिया गात; वंदन एकाच महात्म्याला. अखेरीस १९४० च्या सुमारास तिन्ही पक्षांचा मेळ झाला, आणि १९४१ सालापासून एकच उत्सव होऊं लागला. १९५२ मध्यें नागरत्नम्मा निवर्तल्या. आज त्यांची मूर्ति त्यागराजांच्या समाधीकडे तोंड करून हात जोडून बसलेली आहे.

श्रीरागांतील तें वंदन या मंडपांत आरंभीं अपुरेंच होतें, असें आम्हांस वाटतें. शब्द पूर्ण होते, स्वर पूर्ण होते. गाणारीं माणसें मात्र अर्धींच होतीं. जिनें छप्पर घातलें तिला त्याखालीं गावयास मिळालें, तेव्हां कुठें गाण्याचा अर्थ खरा झाला. आपल्याकडेहि माजघरांत ओव्या, भूपाळ्या आणि मंगळागौरीचीं गाणीं सांभाळणाऱ्या किती बायका बैठकीबाहेरच राहिल्या, याचा हिशेब वाचकांनीं आपापल्या घरीं करून पाहावा.

दक्षिणेस जाणाऱ्या कुटुंबांना आमचें सांगणें इतकेंच कीं, तंजावरचें बृहदीश्वराचें देऊळ आणि सरस्वती महाल पाहून परत फिरूं नये. एक सकाळ तिरुवैयारुसाठीं राखून ठेवावी. श्रीराग ऐकतांना तो आपल्या श्रीसारखा कां नाहीं, हा प्रश्न थोडा वेळ बाजूस ठेवावा. त्या उतरत्या गांधाराकडे मात्र कान असूं द्यावा. तेवढी ओळख पटली म्हणजे हा राग पुढें परका वाटत नाहीं.