भोंग्याचा कंठ

मोटारीच्या भोंग्याची गणना वाद्यांत कुणी करीत नाही. तरी घरच्या गाडीचा भोंगा घरची माणसे शंभरांतून ओळखतात. बाळकुममध्ये हे ओळखणे तसे कठीण. भिवंडीच्या गोदामांकडे निघालेल्या मालमोटारी कशेळीचा पूल गाठण्यासाठी याच गावावरून जातात आणि त्यांचे कर्णे रात्रीही विसावत नाहीत.

येथील आमच्या परिचयाच्या एका कुटुंबात प्रीमियर पद्मिनी आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात घडलेली ही गाडी. घरात मात्र तिला आजही ‘फियाट’च म्हणतात. या जातीची अखेरची टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली, तेव्हा शहर हळहळले. घरगुती गाड्यांच्या वाट्याला तेवढेही येत नाही. त्या मुकाट्याने भंगारात जातात. धनी निवर्तल्यावर हीही त्याच वाटेवर होती. भोंगा बसला होता, दर पाच वर्षांनी करावे लागणारे नोंदणीचे नूतनीकरण तोंडावर आले होते, आणि मुलाने बाजारातून बहुसुरी कर्णा आणण्याचे ठरविले होते. एकामागून एक सूर काढणारा असा भोंगा १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांना मंजूर नाही, हे आम्ही त्याला सांगितले. परंतु खरी हरकत त्याच्या आईची. दृष्टी गेल्यापासून पतीचे घरी येणे तिला त्या आवाजावरूनच कळत असे. “तो आवाज जाणार असेल तर गाडीही विकून टाक,” एवढेच ती म्हणाली.

तेव्हा कोलशेत रस्त्यावरील एका कारखान्यातून निवृत्त झालेल्या वायरमनला बोलाविण्यात आले. दिवा धरण्याचे काम आमच्याकडे आले. त्याने प्रथम बॅटरीवरून थेट भोंग्याला तार लावली. एक क्षीण ‘टक्’ ऐकू आली. “कॉइल जिवंत आहे, फादर. रोग पोटात आहे,” तो म्हणाला. भोंगा उतरविला तर नळीत कुंभारीण माशीने मातीचे घर बांधलेले! ते टोकरून काढले, पण मुख्य दोष त्याहून आत होता.

भोंग्याच्या पोटात एक विद्युतचुंबक, त्याच्यासमोर पातळ पोलादी पडदा आणि दोन चिमुकले पॉइंट असतात. प्रवाह मिळताच चुंबक पडदा ओढतो. ओढल्याबरोबर पॉइंट विलग होतात, प्रवाह तुटतो, पडदा मागे उसळतो, पॉइंट पुन्हा भेटतात. हे सेकंदाला शेकडो वेळा घडते. प्रवाह अखंड वाहत राहिला तर भोंगा मुकाच. (सेमिनरीत प्रवचनातील विरामाचे महत्त्व आम्हांला पुष्कळ शिकविले गेले, हा दाखला मात्र कुणी दिला नव्हता.)

खाडीच्या खाऱ्या हवेने पॉइंट काळवंडले होते. वायरमनने रिव्हेटी ड्रिलने काढून भोंगा उघडला, बारीक पॉलिशपेपराने पॉइंट उजळले, पडद्याच्या कडेचा गंज खरवडला. जुने गॅस्केट कुजले होते. नवे कापताना त्याने जाडी दोनदा मोजली. कारण पडदा आणि चुंबक यांतील अंतर त्या जाडीवरच ठरते, आणि केसभर फरकाने आवाज घोगरा होतो. मग रिव्हेटींच्या जागी नट-बोल्ट बसविले.

उरला मागचा स्क्रू. तो पाव फेऱ्याहून कमीच फिरवावयाचा आणि ऐकावयाचे. पहिल्या खेपेस भोंगा कर्कशला. ओटीवरून आवाज आला, “हा आमचा नव्हे.” वायरमनने स्क्रू किंचित सैल केला. “जवळ आलात, पण हाही नव्हे.” मुलाला दोन्ही आवाज एकच वाटले, खरे सांगावयाचे तर आम्हांलाही. वायरमन मात्र न रागावता पुन्हा वाकला.

तिसऱ्या खेपेस ओटीवरून काहीच आले नाही. आम्ही थांबलो. पुलाकडे जाणारी एक मालमोटार कर्णा वाजवीत निघून गेली. मग तिने मुलाला हाक मारून विचारले, “रविवारी मला कितीच्या मिस्सेला नेशील?”

वायरमनने स्क्रूवर रंगाचा एक थेंब सोडला, तो हलू नये म्हणून.