‘अनफिट’चा कागद

मागच्या वर्षी रमजान ईद होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. आमचा धाकटा मुलगा मुंबईहून रात्रीच्या एस.टी.ने घरी आला. सलाम केला, बॅग पडवीत ठेवली आणि खिशातून चार घड्या घातलेला एक कागद काढून टेबलावर ठेवला. आम्ही दोघांनी तो उलगडून वाचला. रक्तदाब ठीक, कान ठीक, ईसीजी ठीक, वजन ठीक. खाली रंगदृष्टी सदोष असल्याची नोंद आणि शेवटी एकच शब्द : अनफिट.

लहानपणापासून त्याला विमानाचे वेड. आमचे गाव खाडीच्या काठी, आजूबाजूला कलमांच्या बागा. विमान दिसते ते आकाशात उंच, पांढऱ्या रेघेसारखे. पण आवाज आला की हा जेवणावरून उठून अंगणात पळायचा. मोहल्ल्यात त्याला सगळे ‘कॅप्टन’ म्हणत. बारावीला फिजिक्स आणि गणित घेतले तेही त्यासाठीच. आधी खासगी वैमानिकाचा परवाना काढायचा आणि मग पुढचे तास पूर्ण करून नोकरीचा, असा त्याचा हिशेब होता. आम्ही दोघेही शिक्षक. खर्चाचा आकडा ऐकून छाती दडपली, तरी कलमांची बाग गहाण ठेवायची बोलणी आम्ही सुरू केली होती.

विमान चालवायचे तर डॉक्टरांकडून तंदुरुस्तीचा दाखला लागतो. शिकाऊ आणि खासगी वैमानिकाला क्लास टू, पगारावर विमान चालवणाऱ्याला क्लास वन. ही तपासणी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने नेमलेले डॉक्टरच करतात. हे सगळे आम्हाला फार उशिरा कळले. ज्या संस्थेत प्रवेश घ्यायचा होता तिथे ‘आधी पैसे भरा, मेडिकल मागाहून होईल’ असे सांगण्यात आले. आम्ही विश्वास ठेवला. भरलेल्या रकमेपैकी काही आजतागायत परत मिळालेली नाही.

रंगांची तपासणी ठिपक्यांच्या पुस्तकावर होते. जपानचे डॉक्टर शिनोबू इशिहारा यांनी १९१७ साली ते तयार केले. रंगीत ठिपक्यांच्या वर्तुळात एक आकडा लपलेला असतो, तो ओळखायचा. त्यातल्या एका पानावर सर्वसाधारण डोळ्याला ७४ दिसतो, पण लाल-हिरव्यात गल्लत होणाऱ्याला तिथेच २१ दिसतो. आमच्या मुलाने ठामपणे २१ सांगितले. आपण चुकलो हे त्याला कळण्याचे कारणच नव्हते. जे दिसले ते त्याने खरे-खरे सांगितले होते.

कागद वाचून झाल्यावर आम्हाला पहिली आठवली ती त्याची दुसरीतली चित्रकलेची वही. आंब्याच्या झाडाची पाने त्याने तपकिरी रंगवली होती आणि आम्हीच त्यावर लाल शाईने लिहिले होते, ‘पानाचा रंग हिरवा असतो. लक्ष देऊन रंगव.’ पिकलेल्या मिरच्या तोडून आण म्हटले की हा बहिणीला सोबत घेऊन जायचा. आम्हाला वाटे, आळशी आहे. वीस वर्षांहून जास्त काळ आम्ही वर्गात उभे आहोत, शेकडो मुलांच्या वह्या तपासल्या. आपल्याच घरातल्या मुलाचे डोळे मात्र आम्हाला वाचता आले नाहीत.

मग भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. सगळे प्रेमानेच येत होते. कुणी म्हणाले, नजर लागली. कुणी डोळ्यांत घालायचे थेंब सांगितले, कुणी तावीज आणून दिला. जवळपास प्रत्येकाने कलाम साहेबांची गोष्ट सांगितली, की डेहराडूनला हवाई दलाच्या निवडीत ते नववे आले, जागा आठच होत्या आणि तरीही ते कुठे पोहोचले. मुलगा मान खाली घालून ऐकायचा. एका संध्याकाळी पाहुणे गेल्यावर म्हणाला, “अम्मी, ते नववे तरी आले. मला रांगेत उभंच राहू दिलं नाही.” आमच्याकडे उत्तर नव्हते.

तेवढ्यात कुणीतरी मोबाईलवर वाचले की हा दोष आईकडून मुलाकडे येतो. बोलणाऱ्याच्या मनात काही नसेल, पण वाक्य घरात राहून गेले. आम्ही स्वतः पुस्तके काढून वाचली. लाल-हिरव्याचा हा दोष बहुतेक वेळा एक्स गुणसूत्रावरून येतो. बाईजवळ अशी दोन गुणसूत्रे असतात, त्यामुळे एकात दोष असला तरी दुसरे सांभाळून घेते आणि तिला रंग नीट दिसतात. पुरुषाजवळ एकच असते. तो आपले ते एकुलते एक गुणसूत्र प्रत्येक मुलीला देतो. तिच्याकडून ते तिच्या मुलाकडे जाण्याची शक्यता निम्मी. यात ना कुणाचा गुन्हा, ना कुणाच्या दुधाचा दोष. वर्गात हे समजावून सांगणे सोपे होते, रात्री स्वतःला समजावणे सोपे गेले नाही.

त्याच आठवड्यात मुलाच्या ओळखीच्या एकाचा फोन आला. त्याने सांगितले, “घाबरतोस काय? ते ठिपक्यांचं पुस्तक बाजारात मिळतं. कुठल्या पानावर कुठला आकडा ते पाठ कर आणि दुसऱ्या डॉक्टरकडे जा.” जेवताना मुलाने आम्हाला ते सांगितले आणि आमच्या तोंडाकडे पाहत राहिला.

इथे आम्हाला एक कबुली द्यायची आहे. आम्ही दोघे गप्प बसलो. परीक्षेत मुलांच्या खिशातून चिठ्ठ्या काढणारे, नकल करणे हराम आहे असे बजावणारे आम्ही, त्या रात्री ‘नाही’ हा दोन अक्षरी शब्द उच्चारू शकलो नाही. मनात हिशेब चालला होता. भरलेले पैसे, गावभर झालेले नाव, मुलाचा उतरलेला चेहरा. ‘एका रंगाने काय बिघडते?’ असेही वाटून गेले.

बोलले ते नाना. नाना म्हणजे आमचे अब्बा. अम्मीचा इंतकाल झाल्यापासून ते आमच्याकडेच असतात. आयुष्यभर जहाजावर भंडारी होते, खलाशांचा स्वयंपाक करायचे. आमच्या माहेरी सगळे डेकवरचे, कुणी सारंग, कुणी टंडेल, कुणी सुकाणी. एकटे अब्बाच चुलीपाशी का गेले, याचे उत्तर आम्ही लहानपणापासून एकच ऐकले होते : ‘मला रांधायला आवडतं.’

नानांनी ताट सारले आणि नातवाला म्हणाले, “बेटा, मी पण अनफिट आहे.”

मग त्यांनी सांगितले ते आम्ही, त्यांची मुलगी असून, पहिल्यांदाच ऐकत होतो. १९६८ साली ते मुंबईला जहाजावर लागायला गेले. सुकाणी व्हायची हौस होती. अंधाऱ्या खोलीत समोर दिवे दाखवले, लाल, हिरवा, पांढरा. ते अंदाजाने सांगत गेले. डॉक्टर रागावला नाही, फक्त म्हणाला, “दुसरं काम बघ.” घरी तोंड कसे दाखवायचे म्हणून त्यांनी रांधायच्या आवडीची गोष्ट रचली आणि ती पन्नास वर्षांवर निभावली.

“एकदा रात्री मी वर चहा घेऊन गेलो,” नाना सांगत होते. “पहाऱ्यावरचा पोरगा म्हणाला, चाचा, तो बघा, लाल दिवा. मला नुसता दिवा दिसला. जहाजाच्या डाव्या अंगाला लाल असतो, उजव्या अंगाला हिरवा. त्यावरून समोरचा कुठे तोंड करून चाललाय ते कळतं आणि वाट कुणी सोडायची ते ठरतं. मी त्या पोराच्या जागी असतो तर? खाली चाळीस माणसं झोपली होती. त्या दिवशी त्या डॉक्टरवरचा माझा राग गेला.” थोडे थांबून म्हणाले, “पुस्तक पाठ होईल रे. समुद्रावरचे दिवे पाठ होत नाहीत. ते विचारून येत नाहीत.”

नाना वुजूला उठले. आम्ही दोघे तसेच बसून होतो. आमचे काम त्यांनी केले होते.

दुसऱ्या दिवशी फज्रनंतर मुलगा स्वतःच बोलायला लागला. विमानालाही जहाजासारखेच दिवे असतात, डाव्या पंखावर लाल, उजव्यावर हिरवा. रेडिओ बंद पडला तर टॉवरवरून दिव्याने खूण करतात. उडत्या विमानाला स्थिर हिरवा दिवा म्हणजे उतरा, स्थिर लाल म्हणजे वाट द्या आणि घिरट्या घालत राहा. धावपट्टीच्या बाजूला चार दिवे असतात. दोन पांढरे, दोन लाल दिसले तर विमान बरोबर उंचीवर, चारही लाल दिसले तर धोकादायक खाली. २६ जुलै २००२ रोजी अमेरिकेत फ्लोरिडातल्या टॅलाहासी इथे एक मालवाहू विमान पहाटेच्या अंधारात धावपट्टीच्या अलीकडेच झाडांत कोसळले. वैमानिकांचा थकवा आणि इतर चुका होत्याच, पण सहवैमानिकाच्या रंगदृष्टीतला दोष हेही एक कारण म्हणून चौकशीत नोंदले गेले. तिघेही जिवानिशी वाचले. “त्यात मागे प्रवासी असते तर?” मुलाने विचारले. परवाना म्हणजे लोकांच्या जिवाची अमानत. ती चोरून घ्यायची नसते हे आम्ही त्याला शिकवायचे, तर त्यानेच आम्हाला शिकवले.

पुढचा रास्त मार्ग मात्र आम्ही सोडला नाही. ठिपक्यांवर नापास झालेल्याची दिव्यांवर आणखी तपासणी होऊ शकते. काहींना दोष असूनही खुणेचे रंग पुरेसे ओळखता येतात. ती तपासणी केली, निकाल तोच आला. डॉक्टर भले होते. त्यांनी खुर्ची पुढे ओढून समजावले, की ‘अनफिट’ दोन प्रकारचा असतो. रक्तदाब, साखर, वजन, एखादे ऑपरेशन यामुळे बरेचदा काही काळापुरता अनफिट ठरवतात. उपचार करून पुन्हा येता येते. अशांनी हिंमत सोडू नये आणि आजार लपवूही नये. जन्मजात रंगदोष मात्र औषधाने जात नाही. काही देशांत हौशी खासगी वैमानिकाला असा दोष असतानाही फक्त दिवसा उडवायची मुभा मिळते, हेही त्यांनी सांगितले. पण त्याला नोकरी हवी होती आणि आमची ऐपत हौसेची नव्हती.

पुढचे चार महिने कठीण गेले. विमानाचा आवाज आला की तो पंखा मोठा करायचा. लोक विचारतील म्हणून जुम्याला शेवटच्या सफेत उभा राहायचा आणि सलाम फिरवताच निघून यायचा. आम्ही आधी उपदेश केला, मग दुसऱ्या कोर्सची माहितीपत्रके त्याच्या उशाशी ठेवली. दोन्हींचा उपयोग झाला नाही. उपयोग झाला तो नानांच्या स्वयंपाकघराचा. ते त्याला खोबरे किसायला बसवत आणि चाळीस माणसांच्या सालनाला मीठ किती, वादळात पातेली कशी बांधायची, असे सांगत राहत. दोघे अनफिट कांदे चिरत बसलेले असत. रडू आले तरी कांद्याच्या नावावर खपत असे.

एके दिवशी त्याने आम्हाला डीक स्लेटन या अमेरिकन अंतराळवीराविषयी सांगितले. १९५९ साली अमेरिकेने निवडलेल्या पहिल्या सात जणांपैकी तो एक. १९६२ मध्ये हृदयाचे ठोके अनियमित म्हणून त्याला उड्डाणातून काढले. तो शेवटी १९७५ साली अंतराळात गेला. “त्याचं हृदय सुधारलं, अम्मी. माझे डोळे सुधारणार नाहीत, मला माहीत आहे. पण मधली वर्षं तो घरी बसला नाही. कुठल्या मोहिमेवर कोण जाणार, ते तोच ठरवायचा.” त्या दिवसानंतर पंख्याचा आवाज कमी झाला. आता तो तालुक्याच्या कॉलेजात बी.एस्सी. करतो आहे. पुढे काय, ते अजून ठरलेले नाही आणि आम्हीही घाई करत नाही.

आम्ही आमच्या शाळेत एक गोष्ट मात्र सुरू केली आहे. दरवर्षी डोळ्यांच्या डॉक्टरांना बोलावून पाचवीच्या मुलांची रंगदृष्टी तपासून घेतो. यंदा दोन मुले निघाली. त्यांच्या आयांना बोलावून आधी हेच सांगितले, की यात तुमची चूक नाही. मग सांगितले, की बोट, रेल्वे, विमान यांची स्वप्ने दाखवण्याआधी हे लक्षात ठेवा आणि तपकिरी पानांवर लाल शाई मारू नका. ज्यांच्या घरात असा एखादा कॅप्टन असेल त्यांना एवढेच सांगणे : आधी मेडिकल करा, मग फी भरा. कागद वाईट आला तर मुलाला गोष्टी ऐकवण्याआधी थोडे दिवस त्याच्याजवळ नुसते बसा. घरातल्या वडीलधाऱ्यांनी असेच काही मनात दडवले असेल तर तेही सांगून टाका.

परवा इशाच्या नमाजनंतर नाना आणि नातू पडवीत बसले होते. खाडीवरून एक विमान गेले, नेहमीपेक्षा खालून, दिवे लुकलुकत. नानांनी विचारले, “आपल्याकडच्या बाजूचा दिवा कुठला रे, लाल की हिरवा?”

“माहीत नाही, नाना. तुम्हाला?”

“मलाही नाही.”

दोघेही हसले, आणि विमान दिसेनासे होईपर्यंत बघत राहिले.