एका रथाचे दोन सारथी

‘ड्रायव्हर’ हा शब्द कानीं पडला कीं आमच्या वढू बुद्रुकच्या मंडळींच्या डोळ्यांपुढें मोटार किंवा ट्रॅक्टर उभा राहतो. संगणकाचा ड्रायव्हर मात्र कोणाच्या दृष्टीस पडत नाहीं. संगणक बोलतो एक भाषा, प्रिंटरला कळते दुसरी; ह्या दोघांमधील दुभाष्या म्हणजे हा ड्रायव्हर. तो चुकला म्हणजे दोन्हीं यंत्रें निर्दोष असूनहि कागद कोरा निघतो किंवा अक्षरांऐवजीं भलतींच चिन्हें उमटतात. आणि एका प्रिंटरवर दोन ड्रायव्हरांनीं हक्क सांगितला, तर एका रथावर दोन सारथी बसल्याप्रमाणें रथ जागचा हलत नाहीं.

कचेऱ्यांतील संगणकांची देखभाल करणें हा माझा व्यवसाय. भीमेकांठच्या ह्या गांवाहून मी रोज जाऊन येऊन तो करितों. अशाच एका कचेरींत मी गेलों असतां एक वृद्ध बाई खिडकीशीं उभ्या होत्या. नातीच्या प्रवेशासाठीं दाखला हवा होता आणि मुदत त्याच सायंकाळीं संपत होती. दाखला तयार होता, पडद्यावर दिसतहि होता. कागदावर तेवढा येत नव्हता. कारकून पुन्हां पुन्हां छापण्याची आज्ञा देत होते आणि प्रत्येक आज्ञेनें आंतली रांग वाढत होती.

प्रथम प्रिंटरला संगणकापासून सोडवून त्याचें स्वतःचें चांचणीचें पान काढलें. तें स्वच्छ निघालें; म्हणजे यंत्र निरोगी. मग ड्रायव्हरांची यादी उघडली आणि रोग सांपडला. पूर्वीचा प्रिंटर खोलींतून गेला होता, परंतु त्याचा ड्रायव्हर आंत ठाण मांडून होता. पडद्यावरील प्रिंटरचें चित्र पुसलें म्हणून ड्रायव्हर जात नाहीं. तो निराळा काढावा लागतो. शिवाय मुख्य कचेरीच्या यादींत अजून जुन्याच प्रिंटरचें नांव होतें. अशा व्यवस्थेंत वरचे नियम संगणक सुरू होतांना आणि पुढें साधारणतः दर दीड तासानें पुन्हां लागू होतात. येथें कोणीं नवा ड्रायव्हर बसवावा आणि दीड तासानें वरून जुना परत यावा, असा खेळ चालला होता.

उपाय ठाऊक होता, पण हात बांधलेले होते. ड्रायव्हर काढण्याचा व बसविण्याचा अधिकार मुख्य कचेरीकडे. हें बंधन निष्कारण आहे असें मात्र कोणीं समजूं नये. २०२१ च्या जुलै महिन्यांत ‘प्रिंटनाइटमेअर’ ह्या नांवाचा दोष जगभर गाजला. छपाईची रांग सांभाळणाऱ्या ‘स्पूलर’ ह्या सेवेंतील त्या छिद्रांतून परक्याला संगणकाचा पूर्ण ताबा घेतां येत असे. मायक्रोसॉफ्टनें तांतडीनें दुरुस्ती दिली, आणि १० ऑगस्टपासून जाळ्यावरील प्रिंटरचा ड्रायव्हर बसविण्यास व्यवस्थापकाचा अधिकार आवश्यक केला. चोराची वाट बंद झाली. पण सर्व्हरवरचा ड्रायव्हर नवा आणि टेबलावरचा जुना असा भेद पडला कीं साध्या कारकुनापुढें परवानगीची चौकट उभी राहूं लागली.

दूरध्वनी केले, तक्रार नोंदविली, वाट पाहिली. सुमारें दोन तासांनीं वरून अधिकार मिळाला. मग स्पूलर थांबवून अडकलेलीं कामें काढलीं, दोन्ही ड्रायव्हर मुळासकट काढले, योग्य तो एकच बसविला आणि मुख्य यादींतील नांव दुरुस्त करून घेतलें. मुदतीला अर्धा तास असतांना दाखला बाईंच्या हातीं पडला.

“यंत्र बिघडलं होतं का रे, बाळ?” त्यांनीं विचारलें.

“यंत्र ठीक होतं, आजी,” मी म्हणालों, “त्याला दोन धनी झाले होते.”

त्या हंसल्या. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या माणसाला ह्याहून अधिक सांगावें लागत नाहीं.

आमच्या घरीं कोठीची किल्ली आजीच्या कमरेला असे, आणि तें योग्यच होतें. एरवीं वर्षाचें धान्य वर्षभर पुरलें नसतें. पण आजी आळंदीस निघाली म्हणजे रोजच्या डब्यांची लहान किल्ली थोरल्या सुनेच्या हातीं ठेवून जाई. पाहुणा उपाशी राहिला तर तो दोष घराचा, हें ती जाणून होती. कचेऱ्यांनींहि असेंच करावें. कोणत्या खोलींत कोणता प्रिंटर आहे ह्याची यादी खरी ठेवावी. नवा ड्रायव्हर सर्वत्र पाठविण्यापूर्वीं एका संगणकावर चांचणी घ्यावी. अडकलेली रांग मोकळी करण्याएवढा मर्यादित अधिकार तरी स्थानिक जबाबदार माणसाला द्यावा. मायक्रोसॉफ्टनें २०२३ च्या सप्टेंबरांत निरनिराळ्या कंपन्यांचे ड्रायव्हर पुरविणें क्रमाक्रमानें कमी करून एका सामायिक ड्रायव्हरकडे वळण्याचें धोरण जाहीर केलें. त्यानें दुभाष्यांचीं भांडणें कमी होतील. किल्ली कोणाकडे असावी हा प्रश्न मात्र माणसांनींच सोडवावयाचा आहे. आणि तो सोडवितांना खिडकीपलीकडे ताटकळत उभ्या असलेल्या माणसाचा विचार आधीं व्हावा.