दोन रुपये साठ पैसे

मी नेमबाजी करतो असं सांगितलं की समोरच्याचे प्रश्न ठरलेले असतात. पहिला, “लायसन आहे का तुझ्याकडे?” दुसरा, “गोळी खरी असते का रे?” तिसरा प्रश्न फक्त घरचे विचारतात, “महिन्याला किती जातात?”

पहिल्या दोघांची उत्तरं लगेच देऊन टाकतो. १० मीटरवर जी ४.५ मिलिमीटरची एअर रायफल चालवतात तिला लायसन लागत नाही. आणि गोळी अगदी खरी असते, शिशाची, फक्त ती दारूवर न उडता दाबलेल्या हवेवर उडते. तिला आम्ही पेलेट म्हणतो. हा सगळा लेख तिसऱ्या प्रश्नाचा आहे.

सुरुवात झाली ती एन.सी.सी.मुळे. फर्स्ट इयरला कॅम्पमध्ये पॉइंट टू टूची रायफल हातात दिली, पोटावर झोपवलं आणि पाच राउंड मारायला सांगितले. माझे पाचही राउंड एका वाटीत मावतील इतके जवळ पडले. हवालदारसाहेब म्हणाले, “बेटा, हाथ अच्छा है.” आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी माझ्या कुठल्या तरी अवयवाला चांगलं म्हटलं होतं! ते डोक्यात बसलं. पण पुढे काही नाही. सबमिशन, ओरल, एम-थ्रीची केटी, यात दीड वर्ष गेलं.

मग आला १ ऑगस्ट २०२४. आपल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ मारलं. त्याच्या आधी चारच दिवसांत मनू भाकरची दोन ब्राँझ होऊन गेली होती, त्यातलं एक सरबज्योत सिंगबरोबरचं. पण ते पडले हरियाणाचे. हा आपला! मेसमध्ये ज्यांना रायफल आणि पिस्तूल यातला फरक माहीत नाही तेसुद्धा “नीलिंगला जरा कमी पडला” असं बोलत होते. पेपरात आलं होतं की त्याच्या वडिलांनी गोळ्यांसाठी कर्ज काढलं होतं. आम्ही सगळ्यांनी ती बातमी वाचली, फॉरवर्ड केली, आणि गोळ्यांना एवढे पैसे कशाला लागतात असा साधा प्रश्न एकाच्याही डोक्यात आला नाही. आम्ही सगळे इंजिनिअर होणार आहोत म्हणे.

पुढच्याच आठवड्यात मी कोल्हापुरातल्या एका इनडोअर रेंजवर जाऊन नाव नोंदवलं. माझा नंबर दीड महिन्यानं लागला, कारण अख्ख्या जिल्ह्यानं त्याच आठवड्यात नाव नोंदवलं होतं.

रेंज म्हणजे एका कॉम्प्लेक्सचं तळघर. आत शिरलं की बाहेरचा आवाज बंद. सहा लेन, पलीकडच्या भिंतीवर टार्गेट, त्यांच्यावर असा प्रकाश की ऑपरेशन थिएटर वाटावं. नियमच आहे, टार्गेटवर किमान १५०० लक्स उजेड हवा. कोपऱ्यात हवा भरायचा कॉम्प्रेसर. वारा नाही, ऊन नाही, पाऊस नाही. इनडोअरमध्ये चुकलं तर नाव ठेवायला कुणीच सापडत नाही, हा एक मोठाच तोटा.

आणि टार्गेट किती मोठं? मधला काळा गोल ३०.५ मिलिमीटर. त्याच्या मध्यावर जो दहाचा ठिपका असतो तो अर्धा मिलिमीटर. अर्धा! पेनानं पूर्णविराम दिला तर तो याच्यापेक्षा मोठा पडतो. पेलेट स्वतः ४.५ चा असल्यामुळे त्याची कड ठिपक्याला लागली तरी दहा मिळतात, म्हणजे मध्यापासून अडीच मिलिमीटरची सूट. १० मीटरवरून, उभं राहून, पाच किलोच्या आसपासची रायफल धरून, साठ वेळा. इलेक्ट्रॉनिक टार्गेट असेल तर सव्वा तासात.

आता हिशेब. रेंजची फी महिना ३,०००. त्यात लेन, रेंजची रायफल आणि सरांचं शिकवणं. जॅकेट-ट्राउझर एका सीनिअरची जुनी, ९,०००. हे कॅनव्हासचं इतकं कडक असतं की घातल्यावर माणूस रोबोसारखा चालतो, पण त्याशिवाय कंबर धरत नाही. बूट वेगळे, ग्लोव्ह वेगळा. हे खर्च एकदाच होतात, रडून-ओरडून विसरता येतात. विसरता येत नाही तो पेलेटचा डबा. आमच्या रेंजवर चालणारा जर्मन डबा १,३०० रुपयांना, आत ५०० पेलेट. भागाकार करायला कॅलसी लागत नाही. एक पेलेट, दोन रुपये साठ पैसे.

मला वाटायचं शिशाचे एवढेसे तुकडे, त्यांना एवढे पैसे कशाला? आमच्या आप्पांनी त्याचं उत्तर दिलं. आप्पांचं इचलकरंजीत लेथचं छोटं वर्कशॉप आहे, जॉबवर्क करतात. एकदा घरी डबा नेला होता तर त्यांनी त्यातले दहा पेलेट काढून, शिसं दबू नये म्हणून हलक्या हातानं मायक्रोमीटरमध्ये धरले. चष्म्यावरून बघत म्हणाले, “सगळे सारखे हैत की रे! शिसं एवढं मऊ, आणि सगळे सारखे. हे काम सोपं न्हाई.” डब्यावर ४.५० असं लिहिलेलं असतं. शेजारच्या डब्यावर ४.४९. रायफलच्या बॅरलला कुठला मानवतो ते मारून बघायचं. म्हणजे कुठला पेलेट विकत घ्यायचा हे ठरवायलाही पेलेट विकत घ्यावे लागतात.

पूर्ण सराव म्हणजे आधी पंधरा-एक साइटर आणि मग साठ शॉट. ७५ पेलेट. महिन्यात २२ दिवस धरले तर १,६५० पेलेट, ४,२९० रुपये. फी धरून सात हजारांच्या वर. माझ्या मेसचं बिल याच्या निम्म्याहून कमी आहे. आप्पांना मी हा आकडा सांगितलाच नाही. मी डायरीत माझा स्वतःचा आकडा लिहिला: दिवसाला ४०, साइटर धरून. ८८० पेलेट, २,२८८ रुपये. वाचले २,००२. मला स्वतःचा अभिमान वाटला. ऑप्टिमायझेशन!

सर विचारायचे, “साठ का मारत नाहीस?” मी सांगायचो, “सर, प्रॅक्टिकल असतं, वेळ नसतो.” एक वर्ष मी हे प्रॅक्टिकलचं कारण सांगितलं. आठवड्याला एवढी प्रॅक्टिकल असलेली ब्रँच अजून निघायची आहे.

पैसे मोजायची सवय लागली की ती बोटात उतरते, हे मला तेव्हा कळत नव्हतं. आठ पॉइंट काहीतरी पडला की मनात यायचं, गेले दोन साठ. चांगला १०.६ पडला की वसूल! दरम्यान शेजारच्या लेनवरचा दहावीतला मुलगा डबा उघडून मूठभर पेलेट ट्रेमध्ये ओतायचा, त्या आवाजानं माझ्या पोटात कालवायचं. मी माझे चाळीस मोजून काढायचो, दहा-दहाच्या चार रांगा. मुलगा चांगला आहे हो, मला एकदा बूटही दिले होते. पण त्याला बघून मला अभिनव बिंद्रा आठवायचा. २००८ ला बीजिंगमध्ये भारताचं पहिलं वैयक्तिक सुवर्ण त्यानं याच १० मीटरमध्ये घेतलं, आणि त्याच्या घरीच रेंज होती. लोक हे जरा तिरकसपणे सांगतात. मीही सांगायचो. आता सांगत नाही. घरी रेंज असली तरी साठ दहा कुणी बांधून देत नाही. पण घरी रेंज असली की ‘आज किती मारू’ हा प्रश्न पडत नाही, हेही तितकंच खरं.

मग विद्यापीठाच्या संघाची निवड चाचणी आली. आंतरविद्यापीठ स्पर्धेला जायचं होतं. ती रात्र मी नीट झोपलो, सकाळी पोहे खाल्ले, सगळं पुस्तकात लिहितात तसं. पहिल्या चार सीरिज ऐका: १०१.८, १०२.१, १०१.५, १०२.३. चाळीस शॉटला ४०७.७. मागे बसलेल्या सरांचा चेहरा मला दिसत नव्हता, पण ते खुर्चीत पुढे सरकले हे आवाजावरून कळलं.

एक्केचाळिसावा शॉट ९.१ पडला.

त्याचं काही विशेष नाही, पडतात. पण मग माझ्या लक्षात आलं की डाव्या पोटरीत काहीतरी थरथरतंय. कंबर जड झाली होती. जॅकेटच्या आत घाम. आणि मुख्य म्हणजे डोकं. डोकं म्हणत होतं, झालं की, आता डबा बंद कर. दररोज याच वेळी तर आपण रायफल खाली ठेवतो! मी वर्षभर माझ्या शरीराला अत्यंत शिस्तीत हे शिकवलं होतं की नेमबाजी चाळीस शॉटची असते. शेवटच्या दोन सीरिज ९८.९ आणि ९७.६. एकूण ६०४.२. संघात शेवटचं नाव लागलं ते ६०६.० ला.

१.८ गुण. २,००२ रुपये महिना.

सर काही बोलले नाहीत. मॉनिटरवरच्या आकड्यांकडे बघत फक्त म्हणाले, “तुझी प्रॅक्टिकलं जरा जास्तच होती.” म्हणजे त्यांना सगळं पहिल्यापासून माहीत होतं.

त्या शनिवारी घरी गेलो तेव्हा आप्पांनी डायरी मागितली. हिशेबाची वही मागावी तशी. पानं उलटत गेले. चाळीस, चाळीस, चाळीस. मग विचारलं, “परीक्षा कितीची असती?” म्हटलं, साठची. आप्पा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, “साठ पीसची ऑर्डर हाय, आणि तू चाळीस पीसवर मशीन तपासून पाठवतोस व्हय? पुढं टूल गरम होतंय, सेटिंग हलतंय, ते कोण बघणार?” थर्ड इयरला मॅन्युफॅक्चरिंगचा पेपर मी ७१ मार्कांनी पास झालोय. त्यात हे होतं.

आई आतून म्हणाली, “पैशाचं आमाला सांगायचं होतंस.” मी काही बोललो नाही. आत्याच्या लग्नातलं कर्ज अजून चालू आहे हे मला माहीत आहे, हे त्यांना माहीत नाही.

त्यानंतर एक रायफल बघायला आप्पा कोल्हापूरला आले. रेंजवरचा एक जुना खेळाडू नोकरीसाठी बंगळूरला चालला होता, त्याची परदेशी रायफल १,२०,००० ला निघाली होती. नवी घ्यायची तर अडीच-तीन लाखांच्या घरात जाते. सर म्हणत होते, स्वतःची रायफल असली की घरी ड्राय करता येतं. ड्राय म्हणजे पेलेट न घालता नुसतं धरायचं, श्वास सोडायचा, ट्रिगर दाबायचा. मोठे नेमबाज याचा भरपूर सराव करतात आणि त्याला एक पैसा लागत नाही. फक्त हा फुकटचा सराव करायला आधी लाख-दोन लाखांची वस्तू लागते.

आप्पांनी रायफल हातात घेतली नाही. आधी खाली वाकून हवेची टाकी बघितली. बॅरलखाली बारीक सिलिंडर असतो, त्यात २०० बारची हवा. त्यावर तारीख मारलेली असते, दहा वर्षांची मुदत. नंतर स्पर्धेत तो चालत नाही. आप्पांनी चष्मा पुसून तारीख वाचली. सात महिने उरले होते. नवा सिलिंडर कितीला, हे त्यांनी विचारलं आणि उत्तर ऐकून मान हलवली. विकणारा बिचारा प्रामाणिक होता, त्यानं काहीच लपवलं नव्हतं. आम्ही चहा पिऊन निघालो. निघताना मात्र आप्पांनी ट्रिगर बघायला मागितला, आणि पाच मिनिटं बघतच राहिले. “वजन किती भरतंय हिचं?” म्हणाले. सरांनी काट्यावर ठेवून दाखवलं.

पंधरा दिवसांनी घरून एक गोणपाटात गुंडाळलेली लांब वस्तू आली. भंगारातला एम.एस. पाइप, त्याला सागवानाच्या तुकड्याचा दस्ता, पुढे-मागे साइटच्या जागी दोन रिंगा, लेथवर नीट टर्न केलेल्या. वजन रेंजच्या रायफलएवढंच, बॅलन्स पॉइंटसुद्धा त्याच जागी. मी माझ्या खोलीच्या भिंतीवर ठिपका काढला. ३०.५ गुणिले चार भागिले दहा, म्हणजे चार मीटरला १२.२ मिलिमीटर. जॅकेट घालून रोज रात्री सव्वा तास. साठ वेळा उचलायचं, साठ वेळा ठेवायचं. पहिल्या रात्री वॉचमन काकांनी खिडकीतून बघितलं आणि ते थेट रेक्टरांकडे पळाले. पुढची वीस मिनिटं मी आयुष्यातली सर्वांत अवघड व्हायवा दिली.

रेंजवर आता आठवड्यातून तीनच दिवस जातो, पण पूर्ण ७५ मारतो. महिन्याला ९०० पेलेट, २,३४० रुपये. आधीपेक्षा ५२ रुपये जास्त. हा हिशेब वर्षभरापूर्वी सुचायला काय हरकत होती, असं प्लीज विचारू नका. मागच्या आठवड्यात शेवटच्या दोन सीरिज १००.९ आणि १००.४ आल्या. मोजायची सवय गेलेली नाही, ९.१ पडला की दोन साठ अजून आठवतातच. पण एक्केचाळिसाव्याला पोटरी थरथरत नाही.

पाइपला एकच उणीव आहे, ट्रिगर नाही. आप्पांना फोनवर सांगितलं. म्हणाले, “बघितलाय मी तो. दिवाळीला ये, बसवू.”