तुझ्यानंतर माझा नंबर

बोईसरहून सुटलेल्या गाडीत 'सध्या काय वाचतोयस?' असं कुणी विचारत नसे. पुस्तक मांडीवर दिसतच असायचं. विचारायचे ते एवढंच, "तुझं झालं की मला देशील?" मग दुसरा म्हणे, "त्याच्यानंतर माझा नंबर." नंबर लागले की वाचणाऱ्याच्या मागे तगादा लागे, आणि तगाद्यामुळे कादंबऱ्या वाचून पुऱ्या होत. मोबाईलवरच्या कादंबरीसाठी कुणी खोळंबलेलं नसतं. ती अर्धवट राहते याचं मला नवल वाटत नाही.

नंबरांबरोबर गेलेल्या काही वस्तूंची ही नोंद. नवापूर-बोईसरपुरती, तीही अपुरी.

पुठ्ठ्याचं तिकीट. पुस्तकात खुणेला याच्याइतकं चांगलं काही नव्हतं. पासवाले मुदत संपलेला पास खुपसत. २०१३ मध्ये डहाणूपर्यंत लोकल आली, गर्दी वाढली, आणि उभ्याने एका हातात मावेल तेवढंच वाचायचं ठरलं. 'मृत्युंजय' मावत नाही.

कॅलेंडरच्या पानाचं कव्हर. महिना उलटला की ते पान पुस्तकाला. कादंबरी हातात घेतली की आधी मागच्या मे महिन्यातली पाककृती वाचावी लागे. पुस्तकाचं नाव कव्हराखाली जाई, म्हणून पाठीवर बॉलपेनने लिहीत.

पुस्तकातली वाळू. नवापूरच्या किनाऱ्यावर बोंबील वाळत घातले की कावळे हाकलायला कुणीतरी बसलेलं लागतं. ते 'कुणीतरी' म्हणजे बहुधा सुट्टीतली मुलगी आणि तिच्या हातातली कादंबरी. असं परत आलेलं पुस्तक उन्हात ठेवूनही वास सोडत नसे. पुढच्या नंबरवाला शाकाहारी असला की बोंब.

वसाहतीतली ओळख. तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ मध्ये सुरू झालं. नोकरीला बाहेरगावची माणसं केंद्राच्या वसाहतीत आली आणि ट्रंकांतून पुस्तकं आली. 'कोसला' कुठली पोरं कुणाकडून मागून आणत, याचा हिशेब कुणी ठेवला नाही. परत किती प्रती गेल्या, याचा तर नाहीच.

समासातलं भांडण. सुनीताबाई देशपांड्यांचं 'आहे मनोहर तरी' १९९० मध्ये आलं आणि घराघरांत वाद घालून गेलं. फिरत्या प्रतीत एकाने शिसपेन्सिलीने लिहिलेलं, 'हे लिहायची गरज नव्हती.' त्याखाली निळ्या शाईत, बायकी वळणाच्या अक्षरात, 'तुम्हाला नसेल.' पुढच्या पानावर पेन्सिल पुन्हा उगवली, जरा नरमून. आठवणींचं पुस्तक एकट्याने वाचायचं नसतं हे मी त्या समासावरून शिकलो.

'जेव्हा माणूस जागा होतो'ची जुनी प्रत. गोदावरी परुळेकरांचं हे पुस्तक १९७० चं. वारल्यांच्या उठावाच्या आठवणी. वेठबिगार, लग्नाच्या कर्जापायी राबणारे लग्नगडी, मे १९४५ मधली झरीची परिषद. सगळं याच जिल्ह्यातलं, तलासरी-डहाणूकडचं. पुस्तकात जे घडलं ते अंगावर घेतलेली माणसं तेव्हा हयात होती. त्यांना वाचता येत नसे. वाचून दाखवलं तर मध्येच हात वर करून सांगत, "असं नाय, आधी ते झालं." छापील मजकुराला अशी दुरुस्ती सांगणारा माणूस कुठल्या वाचकाला मिळतो? आणि ज्यांच्या आजोबांनी वेठ राबवली होती, त्यांच्याही घरात हे पुस्तक शिरे. अर्थात कॅलेंडरचं कव्हर घालून. पुस्तक आजही विकत मिळतं. हात वर करणारे आता नाहीत.

परतीच्या तारखांची चिठ्ठी. वाचनालयाच्या पुस्तकात शेवटच्या पानाला डकवलेली, जांभळ्या शिक्क्यांची. शिक्के दाट असतील तर पुस्तक वाचनीय; परीक्षणं वाचायची गरज नसे. बाबूराव अर्नाळकरांच्या चिठ्ठीवर जागा उरत नसे, आणि पहिल्याच पानावर कुणा दुष्टाने खुन्याचं नाव लिहिलेलं असे.

दिवाळी अंकांची भिशी. पाच घरं, पाच वेगवेगळे अंक, आठवड्याला अदलाबदल. आठवडा कुणीच पाळत नसे. शेवटचा अंक शिमग्याच्या सुमारास हाती यायचा. तरी लोक आधी वार्षिक राशिभविष्यच उघडत आणि निम्मं वर्ष बरोबर निघालं का, ते पडताळून पाहत.